कलहांक

घनश्याम खोबरेकर गप्प बसला तो मंगळवार होता, आणि आधी ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

सकाळी साडेसातच्या सुमारास विश्राम खोबरेकरच्या माडाची सुकलेली झावळी तुटली आणि गडग्यावरून पलीकडे, घनश्यामच्या अंगणात, नेमकी तुळशीपुढे पडली. एरवी एवढ्या ऐवजावर घनश्यामने अख्खी सकाळ काढली असती. आधी झावळीचा उद्धार, मग माडाचा, मग तो माड लावणाऱ्या विश्रामच्या वडिलांचा. ते घनश्यामचे सख्खे काका होते, पण भांडणाच्या भरात हे नातं थोडा वेळ बाजूला ठेवलं जाई. विश्राम दात घासत गडग्याशी येऊन उभा राहिला. त्याची उत्तरं तयार होती.

घनश्याम बाहेर आला. त्याने झावळी पाहिली, उचलली, कोपऱ्यात नीट टेकवून ठेवली आणि आत गेला.

"तेका बरा वाटना नाय," विश्रामची बायको शैला स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. तीस वर्षं ही भांडणं ऐकत तिने दोन्ही घरांचं स्वयंपाकाचं वेळापत्रक पाठ केलं होतं.

"बरा नसला तरी तो भांडता," विश्राम म्हणाला. "कोविडात आक्सिजन लावलेलो, तेव्हापण फोन करून गाळी घातल्यान माका."

गडगा म्हणजे चिऱ्यांची हद्दीची भिंत, छातीएवढी. दोन चुलतभावांच्या घरांमधून तो सरळ समुद्राकडे जात होता आणि मधल्या विहिरीपाशी आल्यावर थांबून विहिरीपलीकडे पुन्हा सुरू होत होता. विहिरीवर दोन बाजूंना दोन रहाट. कोपऱ्यातला खुणेचा चिरा आदल्या पिढीत कोणीतरी चार बोटं सरकवला, असा दोघांचाही दावा होता. फक्त कोणत्या दिशेने, यावर मतभेद होते. खटला इतका जुना झाला होता की दोन्ही वकिलांचे मुलगे आता तो चालवत होते आणि एकमेकांच्या घरी गणपतीला जात होते.

खडपवाडीच्या किनाऱ्यावर मोठी जेटी करायचं घाटत होतं. तिचा रस्ता या सामाईक विहिरीवरून जाणार होता, त्याला दोघांपैकी एकाची सही पुरत होती आणि विश्राम आपली देणार नव्हता. घनश्यामबद्दलही तो निर्धास्त होता. चार बोटांसाठी तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलेला माणूस अख्खी विहीर सोडील हे शक्यच नव्हतं. विश्रामच्या हिशेबात जेटीच्या आड दोनच भक्कम गोष्टी होत्या: एक घनश्यामचा स्वभाव, आणि दुसरी समुद्रात, किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर, चार वाव, म्हणजे चार पुरुष खोल पाण्याखाली.

ती दुसरी राखण्याची नोकरी विश्रामकडे होती.

*

तरुणपणी वीस वर्षं तो पर्यटकांना तोंडाला नळी लावून प्रवाळ दाखवायला न्यायचा. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात बिस्किटांचा चुरा टाकायचा. प्रवाळ म्हणजे समुद्रातलं दगडफूल, असं त्याने हजारो लोकांना सांगितलं होतं. तो दगड नव्हे, दगड बांधून राहणारे बारीक जीव आहेत, हे त्याला ते मरायला लागल्यावर कळलं. लागोपाठ तीन उन्हाळे पाणी तापलं, प्रवाळ पांढरं पडलं, पर्यटक गेले, बिस्किटंही गेली. मग प्रवाळ राखायचा सरकारी प्रकल्प आला आणि विश्रामला नवं पद मिळालं: कलह-सहायक, कंत्राटी.

या पदाला पार्श्वभूमी होती. पूर्वी प्रवाळाची तब्येत रंगावरून बघत. पण रंग उडाला हे कळेपर्यंत फार उशीर झालेला असे. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आलं की प्रवाळ मरण्याच्या बरंच आधी तिथले मासे भांडायचे थांबतात. भांडायला ताकद लागते. पाणी तापलं की माशाचं शरीर नुसतं जिवंत राहण्यातच ताकद जाळतं. खायला मिळतं तेही निकस. मग मासा आपल्यापुरता एक हिशेब करतो: हा तुकडा भांडण्याच्या लायकीचा राहिलाय का? उत्तर 'नाही' आलं, की तो गप्प होतो. पाणी नितळ असतं, मासे दिसत असतात, सगळीकडे शांतता नांदत असते, आणि जागा मेलेली असते.

म्हणून कलहमापक आला. कुकरएवढी पिवळी पेटी, खडकाला जखडलेली, तिला कानही होते आणि डोळाही. तासाला किती भांडणं झाली ते ती मोजायची. तोच कलहांक. दहा किंवा वर, तर जागा जिवंत प्रवाळांच्या यादीत. आणि यादीतल्या जागेवर ना खोदकाम, ना जेटी. दहाच्या खाली, तर यादीतून बाहेर. शांतता हा आजार आहे, हे तत्त्व सरकारदरबारी मान्य व्हायला सहा वर्षं लागली. फाइल ज्या खात्याकडे होती तिथे कोणी कोणाशी भांडतच नव्हतं.

भांडायचं काम एका माशाकडे होतं. हाताच्या पंज्याएवढा, काळपट, शेपटीशी पिवळा. इंग्रजीत त्याला डॅमसेल म्हणतात. खडपवाडीत त्याला नावच नव्हतं; जो मासा कढईत जात नाही त्याचं बारसं करण्याइतकी फुरसत कोणाला? विश्रामने त्याला भाऊबंद म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे प्रकल्पाच्या अहवालातही तेच आलं.

भाऊबंदाची खडकावर परसबाग असते. हातभर जागेत तो शेवाळ वाढवतो. नको ते कोंब तोंडाने उपटून हद्दीबाहेर नेऊन टाकतो. त्या हातभर जागेसाठी तो दसपट मोठ्या माशाच्या अंगावर जातो, दात कराकरा वाजवतो, माणसाच्या बोटालाही चावतो. विश्रामच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं या चाव्यांनी कायमची खरखरीत झाली होती.

पूर्वी त्या खडकावर चाळीसेक भाऊबंद होते. आता बाग राखणारा एकच उरला होता.

*

प्रकल्पाची शास्त्रज्ञ डॉ. केतकी बर्वे पुण्याहून पहिल्यांदा आली, तेव्हा विश्राम आणि घनश्याम विहिरीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांचे पूर्वज काढत होते. ती जांभ्याच्या पायरीवर बसली आणि पाऊण तास ऐकत राहिली. शेवटी घनश्याम "दुपारी येतंय, मगे बघतंय तुका," म्हणून जेवायला गेला.

"काका, हे रोज असतं?" तिने विचारलं.

"रविवारी दोनदा. तेका सुट्टी असता."

"आणि हातघाईवर कधी?"

"छ्या! मेलो माझो भाऊ तो."

केतकीने वहीत काहीतरी लिहिलं. मग तिने सांगितलं की भाऊबंदही असंच करतो. या माशाला आपल्याला न दिसणारा, उन्हातला जांभळ्यापलीकडचा रंग दिसतो. त्या रंगाची नक्षी प्रत्येकाच्या तोंडावर वेगळी असते. तिच्यावरून तो शेजाऱ्याला ओळखतो. ओळखीच्या शेजाऱ्याशी भांडण हद्दीवर, ठरल्या वेळी, दोन मिनिटांचं. दोघंही परत आपापल्या बागेत. नवा कोणी आला तर मात्र जिवावर उदार होऊन. "शेजारी मेला की राहिलेल्याचे हाल होतात. रोज नवे परके. जुना शत्रू असणं ही मोठी सोय असते, काका."

"ह्या घनश्याक सांगू नको," विश्राम म्हणाला. "उपकार केल्यासारखो फिरात."

*

त्या मंगळवारी, झावळीच्या सकाळनंतर, केतकी बोटीवर पडद्यासमोर बसली होती. विश्राम वर आला, त्याने तोंडावरचा चष्मा कपाळावर सरकवला.

"अंडी घातलीत," तो म्हणाला. "नाचणी पेरल्यासारखी. हातभर."

मादी अंडी घालून निघून जाते, राखण बापाकडे. तो परांनी पाणी ढवळून अंड्यांना वारा घालतो, मेलेली अंडी निवडून काढतो, चार-पाच दिवस जेवणावरही लक्ष देत नाही. दोन वर्षांनी पहिल्यांदाच त्या खडकावर अंडी दिसत होती.

केतकीला आनंद झाला नाही. "उद्यापासून चाचणी आहे," ती म्हणाली. "चार दिवस, रोज एक तास. चारही दिवसांची सरासरी दहा यायला हवी. कालचा आकडा तीन आहे."

"मगे परको नेवक होयो."

परका म्हणजे काठीच्या टोकाला लावलेला प्लॅस्टिकचा मासा. त्याच्या तोंडावर छापखान्यातून त्या न दिसणाऱ्या रंगाची नक्षी मारून आणत. दुसऱ्या एका गावाने पाण्यात भांडणाचं ध्वनिमुद्रण वाजवून आकडा वाढवायचा प्रयत्न केला होता. कलहमापकाच्या डोळ्याने ते पकडलं. परका मात्र नियमात बसत होता. नियमावलीत लिहिलं होतं की माशाला भांडणाची वाजवी संधी मिळाली पाहिजे. दोन-तीन दिवसांत भाऊबंद परक्याला ओळखू लागे, शेजारी धरून चाले, आणि मग त्याला नवं तोंड लावावं लागे.

"परका नेला की तो अंगावर धावून जाणार," केतकी म्हणाली. "तो पुढे गेला की मागून टपलेले हिरवे मासे अंडी खाणार. तुम्हाला माहीत आहे. नाही नेला तर शनिवारी संध्याकाळी पिल्लं बाहेर पडून समुद्रात जातील."

"आणि आकडो?"

"तीन. यादीतून नाव जाईल. मग त्या पिल्लांना परत यायला हा खडकच राहणार नाही."

"चाचणी फुडे ढकलूक येना नाय?"

"मी अर्ज केला होता. कारण काय, असं त्यांनी विचारलं. बाळंतपण, असं लिहिलं. त्यांना विनोद वाटला."

विश्राम बराच वेळ टाकीचा पट्टा सोडत बसला. "मगे माका कित्याक इचारतंस?"

"कारण पाण्यात तुम्ही उतरता," केतकी म्हणाली, आणि पडद्याकडे बघत राहिली.

घरी शैलाने ताटात कालवण वाढता वाढता निकाल दिला. "अंडी काय, परत घालीत. एकदा गेलेली यादी परत येता काय?" यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. विश्रामने कान गडग्याकडे लावले. दोन वर्षांपूर्वी विहिरीचं पाणी खारं झालं, तेव्हा घनश्याम "तुझ्या बाजून खारा झाला" म्हणून आठवडाभर भांडला होता. मग माडांचे शेंडे वाळले, तेव्हा दोन दिवस. आज झावळीवर एक शब्द नाही.

*

बुधवारी त्याने परका नेला.

भाऊबंद बाणासारखा आला. प्लॅस्टिकच्या तोंडावर आदळला, दात वाजवले, वळून पुन्हा आला. विश्रामच्या काठीला हिसका बसला. वरून केतकीने तेराव्या भांडणाला दोरी ओढून खूण केली. तेवढ्या तासात हिरवे मासे तीनदा आत घुसले. नाचणीच्या वाफ्यात मधे मधे टक्कल पडलं. तास संपला तसा भाऊबंद धावत माघारी गेला आणि उरलेल्या अंड्यांना वारा घालू लागला, जरा जास्तच जोरात.

गुरुवारी अकरा.

शुक्रवारी दहा, तेही शेवटचं भांडण विश्रामने काठी बागेत खुपसली म्हणून. वर यायच्या आधी त्याने वळून पाहिलं. भाऊबंद अंड्यांवर वाकला होता. निवडतोय, असं विश्रामला वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, तो खात होता. एका टोकापासून, शिस्तीत, एकही न सोडता.

"थोडीच उरली की बाप खातो," केतकी वर म्हणाली. तिचा आवाज पुस्तकातला होता, डोळे नव्हते. "तेवढ्यांची राखण परवडत नाही. खाऊन ताकद भरून काढतो, पुढच्या खेपेसाठी."

"फुडची खेप हा?"

तिने बेरीज केली. "चौतीस झाली. उद्या सहा आली तरी पुरे, काका. फक्त सहा."

सहा म्हणजे काहीच नव्हतं. सहा भांडणं घनश्याम दात घासता घासता करत असे.

विश्राम घरी आला तेव्हा शैला पायरीवर बसली होती. हातात भाजी होती पण ती निवडत नव्हती.

"जेटीवाले इलेले," ती म्हणाली. "घनश्यामान सही केल्यान."

"कसली?"

"विहिरीची. कागद वाचूकपण नाय. उभ्या उभ्या केल्यान. तो साहेबपण घाबरलो, म्हणालो, नीट वाचा हां. तर म्हणता, वाचून काय करू."

विश्राम गडग्यापाशी गेला. पलीकडे घनश्याम पडवीत खुर्चीवर बसला होता. त्याच्या अंगणातल्या सात माडांपैकी सहांची डोकी गळून नुसते खांब उरले होते. विश्रामने तोंड उघडलं. "अरे मेल्या," एवढी सुरुवात त्याच्या ओठांवर तीस वर्षांच्या सवयीने आपोआप आली. घनश्यामने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे विश्राम जिथे होता त्या दिशेने पाहिलं. विश्राम ती सुरुवात तशीच तोंडात घेऊन घरात गेला.

*

शनिवारी पाणी तेहतीस अंशांवर होतं, आणि इतकं नितळ की बोटीवरून तळ दिसत होता. केतकीने परक्याला नवं कोरं तोंड लावून दिलं. तिच्या मते आजवरचं सगळ्यात उद्धट.

भाऊबंद बागेतून बाहेर आला. परक्यासमोर थांबला, डाव्या डोळ्याने पाहिलं, मग उजव्या. आणि बाजूला झाला.

विश्रामने परका पुढे सरकवला. हद्दीवर. मग हद्दीच्या आत. मग थेट बागेच्या मधोमध, जिथे अंडी होती त्या घासून लख्ख केलेल्या दगडावर. प्लॅस्टिकचा मासा तिथे डुलत राहिला. भाऊबंदाने त्याला जागा करून दिली. तो जरा पलीकडे जाऊन प्रवाळाच्या मेलेल्या फांदीशी स्थिर झाला. कल्ले भराभर हलत होते. पाहुण्याला बस म्हणून सांगून यजमानाने कोपऱ्यात उभं राहावं, तसा.

अर्धा तास गेला. एक हिरवा मासा आला, बागेतलं शेवाळ खाऊ लागला. मग दुसरा. विश्रामने दोघांना हाताने हाकललं. ही भांडणं कलहमापक धरत नव्हता. माणसांची भांडणं नियमात बसत नव्हती.

शेवटी विश्रामने परका सोडून दिला आणि उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. खरखरीत बोट. या खडकावरच्या प्रत्येक भाऊबंदाने आयुष्यात एकदा तरी त्याचा चावा घेतला होता. बोट माशाच्या तोंडाला लागलं. मासा हलला नाही. त्याचं तोंड मऊ होतं, हे विश्रामला पहिल्यांदाच कळलं.

वर केतकीच्या पडद्यावर गोल शून्य होतं. चौतीस भागिले चार, साडेआठ. पिवळ्या पेटीने तो आकडा आपणहून मुंबईला कळवला होता. त्याला माणसाची सही लागत नव्हती.

"अंडी ठेवायला हवी होती, काका," केतकी म्हणाली. "मीच…"

"ठेवली असती तर तीन," विश्राम म्हणाला. "तीन चोक बारा. तेका चारान भाग."

तिने मनात भागाकार केला. तीनच. दोन्हीकडून उत्तर एकच येत होतं, यादीबाहेर, एवढंच समाधान.

*

रविवारी सकाळी विश्राम सब्बल घेऊन गडग्याच्या कोपऱ्यात गेला. खुणेचा चिरा त्याने खणून सैल केला, छातीशी धरून उचलला आणि घनश्यामच्या अंगणात, चांगला दोन हात आत, आपटला. धाप लागली. त्याने कपाळ पुसलं आणि वाट पाहिली.

घनश्याम पडवीतच होता.

"घनश्या! चिरो सरकवलंय."

"बघलंय."

"दोन हात सरकवलंय. चार बोटा नाय, दोन हात!"

"हां."

"मगे?"

घनश्यामने थोडा विचार केला. तो खरंच काहीतरी शोधत होता, असं त्याच्या तोंडावरून वाटलं. चष्मा कुठे ठेवला ते आठवावं तसं.

"र्‍हवांदे," तो म्हणाला.

शैला खिडकीत येऊन उभी राहिली होती. समुद्राच्या बाजूने घरघर ऐकू येत होती. जेटीच्या कामाचा एक पिवळा तराफा खाडीच्या तोंडाशी वळत होता, अजून दूर होता. विश्रामने चिऱ्याकडे पाहिलं. मग तो खाली वाकला, चिरा पुन्हा उचलला आणि जुन्या जागी आणला. खड्ड्यापाशी क्षणभर थांबला आणि त्याने तो चार बोटं आपल्याच बाजूला ठेवला. वर माती लोटली, पायाने दाबली. तीस वर्षांचा खटला हरण्याला एवढाच वेळ लागला.

"बघलंस?" त्याने ओरडून विचारलं. "घे! तुझी चार बोटा! आता तरी बोल कायतरी!"

घनश्याम खुर्चीवरून उठला. हळूहळू, पडवीच्या खांबाला धरून. विश्रामने छाती पुढे काढली. घनश्याम गडग्यापर्यंत आला, दोन्ही हात चिऱ्यांवर ठेवले, आणि विश्रामच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, आधी एका डोळ्याने, मग मान वळवून दुसऱ्या. त्याला मोतीबिंदू होता.

"च्या घेतंस?" तो म्हणाला.

तीस वर्षांत हे पहिल्यांदा. विश्राम गडग्यापासून एक पाऊल मागे सरकला.

"ये," घनश्याम म्हणाला आणि बाजूला झाला. त्याने जागा करून दिली होती.